मोठ्या दिवशी घरी ठेवलेली मुलगी

देवरे सरांच्या शाळेत हजेरीला कुणी 'हजर' म्हणत नसे. नाव पुकारलं की मुलाने ताठ उभं राहायचं आणि आपण देशासाठी कोण होणार ते खणखणीत सांगायचं. "डॉक्टर, देशासाठी." "सैनिक, देशासाठी." पहिलीतलं शेंबडं पोरसुद्धा नाक पुसायच्या आधी "इंजिनेर" म्हणून मोकळं व्हायचं. ही कल्पना मुख्याध्यापक मोतीराम देवरे सरांची स्वतःची. ती एका वर्तमानपत्रात फोटोसकट छापून आली, तेव्हापासून ते कात्रण मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या चौकटीत लटकत होतं आणि भेटायला येणाऱ्याला खुर्ची अशी दिली जायची की नजर थेट त्यावरच पडावी.

गंगापूर रोडवरचे बंगले विरळ होत जातात आणि द्राक्षबागा सुरू होतात, त्या सीमेवर ही शाळा. बागायतदारांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जात. इथे यायची ती भाजीवाल्यांची, फूलवाल्यांची आणि मळ्यांवर राहणाऱ्या मजुरांची. अशा मुलांना कुणीतरी मोठं स्वप्न द्यायला हवं, असं सरांना मनापासून वाटायचं. माणूस सरळ होता. कळवणजवळच्या एका खेड्यातून सरकारी वसतिगृहाच्या आमटीवर शिकून वर आलेला. देशाने आपल्याला वाढवलं, आता आपण देशाला उपयोगी माणसं द्यायची, एवढं साधं त्याचं गणित. त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून कुणी काढलीही नव्हती.

पोरं मात्र पोरंच. चंद्रावर यान उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचवीचा अख्खा वर्ग शास्त्रज्ञ झाला. चौथीत कलेक्टरांची एवढी गर्दी की महाराष्ट्रातले सगळे जिल्हे वाटूनही काही जण बेकार राहिले असते. मधल्या सुट्टीत एका पेरूच्या बदल्यात वैमानिकाचं पद या हातातून त्या हातात जात असे. हे सरांना ठाऊक नव्हतं. चौथीच्या वर्गशिक्षिका प्रतिभा मॅडम यांना ठाऊक होतं, पण चालत्या गाडीला खीळ घालणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

मोहिनी भोये या वर्गात होती. आईबाप पेठकडचे, गेली दोन वर्षं एका द्राक्षमळ्यावर राहून काम करणारे. तिचं नाव पुकारलं की ती उभी राहायची, जरा विचार करायची आणि म्हणायची, "अजून ठरलं नाय."

पहिल्यांदा सगळे हसले. मॅडमना वाटलं, लाजतेय. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गोष्ट सरांच्या कानावर गेली. त्यांनी तिला खोलीत बोलावून नर्स, शिक्षिका, पोलीस अशी एकेक पदं तिच्यापुढे मांडली, भाजीवाला पाट्या मांडतो तशी. मोहिनीने सगळं नीट ऐकून घेतलं. नर्स बरी वाटते, पण सुईची भीती वाटते, ती जाईल की नाही ते बघावं लागेल, पोलीस कसा असतो ते जवळून पाहिलेलं नाही, असं तिने सांगितलं. मग सरांना विचारलं, तुमचं कधी ठरलं? लहानपणीच, असं सरांनी ठोकून दिलं. खरं तर त्यांना एस.टी.चा ड्रायव्हर व्हायचं होतं, डी.एड.ला नंबर लागला म्हणून ते शिक्षक झाले. पण हे मुलांना सांगण्याजोगं नव्हतं. ती गेल्यावर सर पुटपुटले, "काय पोर शे!" चिडले की त्यांच्या तोंडी कळवणची बोली यायची.

अभ्यासात ती ना पुढे ना मागे. एक खोड तेवढी होती. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, कडुनिंबाला टांगलेला. शिपायाने टोल दिला की बाकीची मुलं धावत सुटायची आणि ही त्या लोखंडावर पंजा टेकवून उभी राहायची, आतली थरथर विझेपर्यंत. मग वर्गात उशिरा यायची आणि रागावून घ्यायची.

त्या वर्षी 'राष्ट्रशिल्प शाळा' नावाच्या पुरस्काराची घोषणा झाली. शहरातली एक मोठी संस्था जिल्ह्यातली एक शाळा निवडणार होती, देशाला उद्याचे नागरिक घडवून देणारी. सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. जाता जाता पुरस्कार मिळाला तर आयुष्याचं सोनं झालं, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. महिनाभर शाळा घासूनपुसून काढली. भिंतींवर क्रांतिकारक रंगले, मैदानावर फक्की पडली. समितीला दाखवायची मुख्य गोष्ट म्हणजे ती हजेरी. तिची तालीम रोज व्हायची. पाण्याच्या धारेसारखी डॉक्टर, सैनिक, शास्त्रज्ञ, कलेक्टर अशी रांग यायची आणि मधेच "अजून ठरलं नाय" म्हणून खडा लागायचा.

तिला पाठ करून घ्यायचा प्रयत्न झाला. ती मॅडमसमोर 'नर्स' म्हणायची आणि पुढे प्रामाणिकपणे जोडायची, "पण नक्की नाय."

तपासणीच्या दिवशी कच्ची पोरं घरी ठेवायची ही काही देवरे सरांनी लावलेली चाल नव्हे. ते स्वतः शिकत होते तेव्हापासून ती चालत आलेली. साहेब येणार म्हटलं की तोतरा, खरूज झालेला, पाढे चुकणारा अशांना गुरुजी आदल्या दिवशी हळूच सांगायचे, उद्या येऊ नको रे. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही; उलट पोरं सुट्टी मिळाली म्हणून उड्या मारायची. तसेच सर आदल्या संध्याकाळी स्कूटरवरून मळ्यावर गेले. मोहिनीची आई सखुबाई बागेत थिनिंग करत होती, म्हणजे द्राक्षाच्या घडातले दाटी करणारे मणी कात्रीने काढून टाकत होती. सर बांधावरूनच म्हणाले, "उद्या मोठे साहेब येणारेत. मोहिनीला पाठवू नका. उद्या तिचा तिथे काही उपयोग नाही."

सखुबाईने मान हलवली. सर निश्चिंत होऊन परतले.

समितीपुढे हजेरी अशी झाली की अध्यक्षांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणजे निवृत्त झालेले एक बडे अधिकारी, बोलायला कमी आणि लिहून घ्यायला जास्त. शाळा अंतिम फेरीत गेली. जानेवारीत पुन्हा भेट होणार होती. सरांनी सगळ्या मुलांना जिलबी वाटली.

मोहिनी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेल्यावर प्रतिभा मॅडमनी सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, गावी गेली असेल, लग्नबिग्न असेल. आणखी एक आठवडा गेला. हजेरी आता विनाअडथळा वाहत होती. एकदा टोल पडला तेव्हा सर कडुनिंबाखालीच उभे होते. मुलं पळाली आणि लोखंड एकटंच घुमत राहिलं. सरांनी आजूबाजूला पाहिलं, मग आपलाच पंजा त्यावर टेकवला. हातातून कोपरापर्यंत काहीतरी मुंग्यांसारखं चढलं आणि हळूहळू उतरत गेलं. इतकी वर्षं घंटेच्या तालावर जगलेल्या माणसाला घंटा आतून अशी असते हे माहीत नव्हतं. त्यांना बरं वाटलं नाही. शाळा सुटल्यावर त्यांनी स्कूटर मळ्याकडे वळवली.

मळ्याचे मालक किशोरभाऊ फाटकातच भेटले. त्यांनी हसतमुखाने बातमी दिली, भोयेची पोरगी लय कामाची निघाली सर. धाकट्या भावाला सांभाळते म्हणून आई दिवसभर मोकळी, वर मजुरांना पाणी देते, चहा करते. किशोरभाऊंनी हे कौतुकाने सांगितलं होतं. ते ऐकून सरांना कुणी थोबाडीत मारावं तसं झालं. 'उपयोगी', 'कामाची' हे त्यांचेच आवडते शब्द होते.

मजुरांच्या खोलीपुढच्या ओट्यावर मोहिनी बाळाला कडेवर घेऊन उभी होती. बाळाचं नाव साई, नुकतंच बसायला लागलेलं, वजनाने तिच्या निम्मं तरी असेल. त्याच्या भाराने ती एका अंगाला कलली होती. सरांना पाहून तिने नमस्कार केला आणि आत जाऊन आईला सांगितलं. बाप बारकू हातपाय धूत होता, तो टॉवेलने तोंड पुसत आला. त्याने सरांना बसायला पोतं अंथरलं. रुसवाफुगवा कुणाच्या चेहऱ्यावर नव्हता. सरांना त्याचाच जास्त त्रास झाला.

सरांनी विषय काढला, की आपण एका दिवसापुरतं सांगितलं होतं, तुमचा गैरसमज झाला. सखुबाई म्हणाली, गैरसमज नाय झाला, एका दिवसाचंच सांगितलं होतं ते कळलं होतं. मग का पाठवलं नाही? सखुबाई समोर बसली. भांडायला नव्हे, नीट सांगायला.

"आमच्याकडं बोहाडा असतो गुरुजी," ती म्हणाली. "देवांचे मुखवटे घालून गाव रातभर नाचतो. घराघराचं सोंग ठरलेलं. आमच्या गावात एक मुका हाय, एक पायानं अधू हाय. पण त्या दिवशी कुणाला घरी ठेवत नाय. अधू असला त त्याला धरून नाचवतात. येरवी कुणी घरी राहिला त काय नाय. पण मोठ्या दिवशी ज्याला घरी ठेवलं, त्याला गावानं टाकलं."

बोहाडा सरांनी पाहिला होता, एकदा सहलीबरोबर, लोककला म्हणून.

"तुमचा मोठा दिवस होता," सखुबाई पुढे म्हणाली. "तुमी शिकलेले. मी म्हटलं, गुरुजींनी पोरीला पाहूनच सांगितलं असंल."

"नाही पाहिलं," सर म्हणाले. "मी तिला पाहिलंच नाही, सखुबाई. मी फक्त हजेरी ऐकत होतो."

हे बोलून त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली ती लपवायला जागाही नव्हती. ओटा एवढासा, त्यावर चार माणसं आणि एक बाळ. मग त्यांनी बारकूकडे वळून सांगितलं, की उद्यापासून तिला पाठवा, मी हात जोडतो.

बारकू कमी बोलणारा, पण बोलला की नेमकं. शिकून ती कोण होईल, असं त्याने विचारलं. होईल का नर्स? त्याच्या भावजयीला पहिल्या बाळंतपणात पेठच्या दवाखान्यातल्या एका नर्सने वाचवलं होतं, तेव्हापासून त्याच्या लेखी नर्स म्हणजे देवाच्या खालोखाल. तुम्ही तसं वचन द्या, म्हणाला, मी बाळाचं काय ते बघतो, उद्या पोरगी शाळेत.

हा प्रश्न देवरे सरांनी उभ्या जन्मात किती पोरांना विचारला असेल त्याची गणती नाही. त्यांना स्वतःला तो कुणी पहिल्यांदाच विचारला होता. एक शब्द टाकला की काम झालं असतं. खोटंही म्हणता आलं नसतं. कुणी सांगावं, होईलही. शब्द जिभेवर आला. मोहिनी दाराला टेकून सरांकडे बघत होती, सर आता काय ठरवतात ते ऐकायला. आणि सरांना एकदम कळलं, की आपण 'हो' म्हटलं तर ही पोरगी ते निमूट पाळेल, बापासाठी, चुलतीसाठी, देशासाठी, आणि स्वतःला विचारायचं कायमचं सोडून देईल.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "कदाचित नर्स होईल. कदाचित काहीच होणार नाही, इथेच बागेत कात्री घेऊन उभी राहील. तरी पाठवा."

"मग कशाला?" बारकूने विचारलं.

प्रश्न रोकडा होता. सर चाचपडत बोलले. शाळेच्या घंटेला हात लावून ती उभी राहते, हे त्यांनी सांगितलं. मी तीस वर्षं ती घंटा ऐकली, आजच्या आधी मला कधी हात लावावासा वाटला नाही. या पोरीच्या आत असं काय काय आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हाला नाही, तिलाही नाही. ते तिचं तिला सापडायला हवं. मग त्याचा कुणाला उपयोग होवो न होवो. शाळेच्या कुठल्याही भाषणात ते असं कधी बोलले नव्हते, आणि भाषणं त्यांनी ढीगभर ठोकली होती.

बारकूला ते कितपत पटलं कोण जाणे. तो म्हणाला, बाळाला कोण बघणार? मुद्दा तोच होता. आधी बाळ बागेतल्या झोळीत निजायचं, पण बसायला लागल्यापासून ते झोळीत राहत नव्हतं. त्याला ठेवायला दुसरं कुणी नव्हतं, आणि सखुबाईने काम सोडलं तर खोलीही सोडावी लागणार होती.

"त्यालाही पाठवा," सर म्हणाले.

परत येताना स्कूटरवर त्यांना घाम फुटला. आदर्श शाळा, चौथीचा वर्ग आणि त्यात रांगायला आलेलं मूल. पण शब्द गेला होता.

साई दुसऱ्या दिवसापासून शाळेत येऊ लागला. चौथीच्या मागच्या कोपऱ्यात सतरंजी पडली. पहिले काही दिवस त्याने भोकाड पसरून भूगोल बुडवला, एकदा क्रांतिकारकांच्या भिंतीखाली ओलं केलं, एकदा खडू खाल्ला. मग वर्गाला त्याची सवय झाली. होऊ घातलेले कलेक्टर आणि सैनिक आळीपाळीने त्याला खेळवू लागले आणि मोहिनीला फळ्याकडे बघायला मान मोकळी मिळाली. हजेरीला ती जे म्हणायची तेच म्हणत राहिली. तिच्या देखादेखी आणखी दोघातिघांनी आपली पदं परत केली. प्रतिभा मॅडमनी विचारलं, रागावू का? सर म्हणाले, नको.

पुरस्कार मनमाडकडच्या एका शाळेला गेला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको.

जानेवारीत समिती यायच्या आदल्या दिवशी सरांच्या खोलीत सगळे शिक्षक जमले. बाळाचं काय करायचं, हा प्रश्न होता. एका दिवसापुरतं घरी ठेवा, असं एकाने सुचवलं. सर त्याच्याकडे असे बघायला लागले की त्याने चहाचा कप उचलून तोंडाला लावला. मग प्रतिभा मॅडमनी डोकं चालवलं. बाई हुशार. त्या म्हणाल्या, साईला लपवायचंच कशाला, त्याला दाखवू. 'बालसंगोपनातून नागरिकत्व' अशी पाटी लावू. मुलं सेवाभाव शिकतात, देशाच्या भावी पिढीची जबाबदारी घेतात, असं सांगू. समितीला नवा उपक्रम लागतो, यात जादा गुणसुद्धा मिळतील. कल्पना खरोखर बिनतोड होती. सर्वांनी माना डोलावल्या. सरांनी विचार करतो म्हणून बैठक संपवली. घरी जाऊन त्यांनी खरंच विचार केला, कारण त्यांना पुरस्कार हवाच होता. तो नकोसा झाला होता असं कुणी समजू नये.

समिती आली तोवर सरांचं ठरलं नव्हतं आणि पाटीही लागली नव्हती. अध्यक्षांनी चौथीच्या वर्गात हजेरी ऐकली. डॉक्टर झाले, सैनिक झाले, मोहिनीचं नाव आलं आणि ती तिचं तेच बोलली. अध्यक्षांनी पेन थांबवून सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली, बरोबर आहे, अशा अर्थाने. हजेरी पुढे गेली. ती संपली तेव्हा मागच्या कोपऱ्यातून साई रांगत रांगत मधल्या वाटेने पुढे आला आणि अध्यक्षांच्या बुटाची नाडी धरून बसला.

प्रतिभा मॅडम डोळ्यांनी सरांना खुणावत होत्या, बोला, आता बोला. उपक्रमाचं नाव सरांना तोंडपाठ होतं.

"हे मूल इथे काय करतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"वाढतंय, साहेब," देवरे सर म्हणाले.

अध्यक्ष पुढच्या वाक्याची वाट बघत पेन धरून उभे राहिले. सर खाली वाकले, साईच्या मुठीतून नाडी अलगद सोडवून घेतली आणि त्याला उचलून कडेवर घेतलं. पुढचं वाक्य त्यांच्याजवळ नव्हतं.